मोटर हळू फिरवली की बिल खरंच कमी येतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय, मोठ्या मशिनरीचा स्पीड कमी-जास्त करायचा आणि त्यातून वीज वाचवायची. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, विकणारे सगळ्यांकडे येऊन गेलेत असं दिसतंय आणि सगळ्यांना एकच आकडा सांगून गेलेत, पन्नास टक्के बचत. हा आकडा काही ठिकाणी खरा असतो, काही ठिकाणी अजिबात नसतो, आणि कुठे खरा ते मोटरच्या पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं, ड्राइव्ह कुठल्या कंपनीचा आहे त्यावर नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न: ताई नमस्कार, आमची फाउंड्री आहे. सँड प्लांटच्या डस्ट कलेक्टरवर ७५ किलोवॅटचा आयडी फॅन (धुळीची हवा ओढणारा पंखा) आहे, बेल्टवर चालतो. डॅम्पर (हवा अडवायचं पातं) कित्येक वर्षं एकाच जागी अर्धवट बंद ठेवलेला आहे कारण पूर्ण उघडला तर चांगली वाळू पण ओढली जाते. मी म्हणतो व्हीएफडी लावू, मालक म्हणतात डॅम्पर बंद केला की करंट उतरतोच, मग वेगळं काय वाचणार?
मेंटेनन्स सुपरवायझर, रबाळे

उत्तर: मालक चुकीचं बोलत नाहीयेत. सेंट्रिफ्यूगल फॅनचा डॅम्पर बंद करत गेलं की करंट उतरतो हे खरंय, पण किती उतरतो ते बघा. डॅम्परने हवा ८० टक्क्यांवर आणली तर पॉवर साधारण ८५-९० टक्क्यांवर येऊन थांबते, कारण फॅन पूर्ण स्पीडलाच फिरतोय, पूर्ण जोर लावून प्रेशर तयार करतोय आणि त्यातलं बरंचसं प्रेशर डॅम्परच्या पात्यावरच खर्च होतंय. तेच स्पीड ८० टक्के केला तर हवा ८० टक्के, प्रेशर ६४ टक्के आणि पॉवर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास ५१ टक्के. स्पीड थोडासाच उतरतो आणि पॉवर धाडकन खाली येते, फॅनवर बचत मोठी दिसते ती यामुळेच.

मालकांना पैशात सांगा. समजा पूर्ण उघड्या डॅम्परला फॅन ७५ किलोवॅट घेतो, आज डॅम्परवर ६५ घेतोय, आणि स्पीड कमी केल्यावर ड्राइव्हचा स्वतःचा लॉस धरून ४१ घेईल. फरक २४ किलोवॅट. वर्षाला ६,००० तास चालला तर १ लाख ४४ हजार युनिट, आणि युनिटला ९ रुपये धरले तर जवळपास १३ लाख रुपये. हे आकडे मी फक्त हिशोब दाखवायला घेतलेत, तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील, आणि मोजताना नुसता टाँग टेस्टर लावून भागणार नाही. टाँग टेस्टर अँपिअर दाखवतो, लोड कमी झाला की पॉवर फॅक्टरही, म्हणजे करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटाही, पडतो, त्यामुळे किलोवॅट अँपिअरपेक्षा जास्त उतरलेले असतात, म्हणजे अँपिअरवरून हिशोब केलात तर आजचा वापर फुगवून दिसेल आणि बचतही फुगेल. पॉवर अॅनालायझर दोन दिवस भाड्याने आणा, पूर्ण शिफ्टचे किलोवॅट रेकॉर्ड करा.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, डॅम्पर वर्षानुवर्षं एकाच जागी आहे. म्हणजे तुम्हाला स्पीड बदलत राहायचाच नाहीये, एकदाच कमी करायचाय! मग ड्राइव्ह कशाला? फॅन बेल्टवर आहे, मोटरची पुली २५० मिलीमीटरची असेल तर २०० ची बसवा, फॅनचा स्पीड सरळ २० टक्के उतरला, डॅम्पर पूर्ण उघडा आणि विषय संपला. मुंबईच्या नागदेवी बाजारात पुली आणि बेल्ट मिळून जातील, खर्च काही हजारांत, आणि ड्राइव्हमध्ये जे दोन-तीन टक्के जातात तेही वाचले. फक्त तुमच्या सेक्शनच्या बेल्टला कमीत कमी किती व्यासाची पुली चालते ते तक्त्यात बघून घ्या, फार लहान पुलीवर बेल्ट लवकर फाटतो. आणि हवा आजच्यापेक्षा अजून कमी करायचा मोह टाळा, डक्टमध्ये वाळूची धूळ उडत राहायला साधारण १८-२० मीटर प्रति सेकंद वेग लागतो, त्याखाली गेलात तर धूळ आडव्या पाइपात बसत जाईल आणि महिन्याभरात डक्ट वजनाने वाकेल.

उद्या रात्रपाळीला अर्धाच प्लांट चालणार असेल, हवेची गरज तासागणिक बदलणार असेल, तेव्हा व्हीएफडी घ्या, तेव्हा ती नक्की पैसे वसूल करेल.

प्रश्न: आमच्याकडे २०० किलोवॅटची जुनी स्लिपरिंग मोटर (रोटरचं, म्हणजे फिरत्या भागाचं, वाइंडिंग रिंग्ज आणि ब्रशमधून बाहेर काढलेली) एका ब्लोअरवर आहे, रोटरला लिक्विड रेझिस्टन्स (पाण्याच्या टाकीतला) आहे, त्यानेच स्पीड कमी करून ८० टक्क्यांवर चालवतो. एका कंपनीच्या माणसाने लेखी दिलंय की व्हीएफडी लावली तर पॉवर २०० वरून १०२ वर येईल. खरं आहे का?
प्लांट इंजिनिअर, चेंबूर

उत्तर: नाही, आणि हे प्रपोजल सही करायच्या आत माझं उत्तर वाचायला मिळू दे एवढीच इच्छा आहे.

०.८ चा घन ५१ टक्के, २०० चे १०२, गणित बरोबर आहे. पण तुमचा ब्लोअर आज आधीच ८० टक्के स्पीडला फिरतोय ना! त्या घनाचा फायदा तुम्हाला मिळून गेलाय, शाफ्टवर आजही १०२ च्याच आसपास लागतंय. तोच फायदा हा माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा विकतोय.

मग आज वाया काय जातंय? स्लिपरिंग मोटरमध्ये स्टेटरकडून (स्थिर भागाकडून) रोटरला जेवढी पॉवर जाते त्यातला स्लिपएवढा (रोटर पूर्ण स्पीडपेक्षा जितका मागे असतो तितका) भाग रोटर सर्किटमध्ये, म्हणजे तुमच्या त्या टाकीतल्या पाण्यात, उष्णता होऊन जातो. स्पीड ८० टक्के म्हणजे स्लिप २० टक्के. शाफ्टला १०२ पाहिजे तर रोटरला १२८ द्यावे लागतात, त्यातले साधारण २६ किलोवॅट पाणी गरम करण्यात गेले. हीच तुमची खरी हातात येऊ शकणारी बचत, आणि ड्राइव्हचा लॉस वजा केला तर २२ धरा. विकणारा ९८ सांगतोय. फॅनसारख्या लोडवर रेझिस्टन्समधला हा लॉस कुठल्याही स्पीडला फुल लोडच्या १५ टक्क्यांच्या वर जातच नाही, सगळ्यात जास्त होतो तो स्पीड दोन तृतीयांश असताना. त्यामुळे स्लिपरिंग ब्लोअरवर कोणी यापेक्षा मोठा आकडा सांगितला तर कागद परत करा.

तरीही २२ किलोवॅट काही थोडे नाहीत, चोवीस तास चालणारा ब्लोअर असेल तर वर्षाला दीड लाखाच्या वर युनिट होतात, तेव्हा काम करण्यासारखं आहे, फक्त पेबॅक या आकड्यावर काढा. मोटर बदलायची गरज पडेलच असं नाही. स्लिपरिंग्ज कायमच्या शॉर्ट करून, ब्रश काढून, स्टेटरला व्हीएफडी देऊन ही मोटर चालवता येते, बऱ्याच ठिकाणी असं केलेलं आहे. त्याआधी इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या आणि ड्राइव्हच्या आउटपुटला चोक (कॉइल) टाका, कारण ड्राइव्हच्या आउटपुटचे व्होल्टेज इतक्या झपाट्याने चढतात की जुन्या वाइंडिंगच्या पहिल्या वेढ्यांना ते सोसत नाहीत, आणि मोटर आणि पॅनलमधली केबल लांब असेल तर त्रास अजून वाढतो.

तुम्ही पत्रात खाली स्लिप पॉवर रिकव्हरीबद्दल पण विचारलंय. ती पद्धत फार देखणी आहे. रोटरमधून येणारी पॉवर पाण्यात घालवायच्या ऐवजी रेक्टिफाय करायची, म्हणजे डीसी करायची, आणि इन्व्हर्टरने परत लाइनला द्यायची. आर्थर शेर्बियस नावाच्या जर्मन इंजिनिअरचं नाव या पद्धतीला आहे, एनिग्मा हे गुप्त संदेशांचं मशीन बनवणारा तोच माणूस. यात कन्व्हर्टर फक्त स्लिपएवढ्या पॉवरचा लागतो, स्पीड ७० टक्क्यांपर्यंतच उतरवायचा असेल तर मोटरच्या ३० टक्क्यांचा पुरतो, त्यामुळे हजारो किलोवॅटच्या एचटी (हाय व्होल्टेजच्या) मोटरला ही पद्धत परवडत आलीय. पण स्टार्टिंगला रेझिस्टन्स लागतोच, लाइनवरचा पॉवर फॅक्टर खराब होतो, ब्रश आणि रिंग्जची देखभाल तशीच राहते. २०० किलोवॅटला सरळ व्हीएफडी.

तुमच्यासारखीच स्लिपरिंग मोटर क्रशरवर, कन्व्हेयरवर किंवा रबर मिलवर असेल तर मात्र हिशोब बदलतो. तिथे टॉर्क स्पीडबरोबर उतरत नाही, अर्ध्या स्पीडला रोटरला जाणारी अर्धी पॉवर रेझिस्टन्समध्ये जाते. अशी मोटर रोज तासन् तास कमी स्पीडला चालत असेल तर सगळ्यात आधी तिच्याकडे बघा.

प्रश्न: २० टनांची ईओटी (शेडच्या छताखाली रुळांवर चालणारी) क्रेन, स्लिपरिंग मोटर, वर गर्डरवर ग्रिड रेझिस्टन्सचे बॉक्स, उन्हाळ्यात वर जाऊन काम करवत नाही इतकं तापतं. ड्राइव्ह घेतोय. विचारायचं हे होतं की रिजनरेशनवाला ड्राइव्ह घेऊ का, लोड खाली येताना वीज परत मिळते म्हणतात, किंमत जवळपास दुप्पट आहे.
इलेक्ट्रिकल फोरमन, तळोजा

उत्तर: कागद-पेन घ्या. २० टन, १० मीटर खाली. २०,००० किलो गुणिले ९.८१ गुणिले १०, एवढे ज्यूल, त्याला ३६ लाखांनी भागलं की युनिट. उत्तर येतं ०.५५. पूर्ण लोड पूर्ण उंचीवरून खाली आणला तर अर्ध्या युनिटच्या जरा वर, आणि गिअरबॉक्स-मोटरचा लॉस जाऊन त्यातलं हातात अजून कमी येणार. तुमची क्रेन दिवसात पूर्ण लोड किती वेळा उचलते? पन्नास वेळा जरी धरलं तरी दिवसाला वीस-बावीस युनिट. दुप्पट किमतीला हे पुरणार नाही, ब्रेक रेझिस्टरवाला साधा ड्राइव्ह घ्या. न्हावा-शेव्याला कंटेनर क्रेनचं गणित वेगळं असतं, ४० टन, ३० मीटर, म्हणजे एका फेरीला सव्वातीन युनिट, तासाला पंचवीस-तीस फेऱ्या आणि दिवसरात्र काम, तिथे रिजनरेशन पाहिजेच.

ड्राइव्ह तरीही घ्या, विजेपेक्षा बाकीच्या कारणांसाठी. आज ऑपरेटर लाँग ट्रॅव्हल (अख्खी क्रेन शेडच्या लांबीला सरकते ती चाल) थांबवायला उलटं बटण मारतात, म्हणजे प्लगिंग, ही सवय सगळ्या शॉपफ्लोअरवर आहे. पूर्ण स्पीडवरून प्लगिंगने थांबवलं की फिरत्या आणि सरकत्या वस्तुमानात जेवढी ऊर्जा आहे त्याच्या तिप्पट रोटर सर्किटमध्ये जळते. वरचे बॉक्स तापतात ते बरंचसं यामुळे. ड्राइव्हने हे बंद होतं, लोड झुलत नाही, ब्रेक लायनर आणि कपलिंग टिकतात, आणि खाली उभा असलेला रिगर (लोड बांधणारा कामगार) निर्धास्त काम करू शकतो. माझ्या मते ही शेवटची गोष्ट एकटीच पैसे खर्च करायला पुरेशी आहे.

होइस्टच्या, म्हणजे लोड वर-खाली करणाऱ्या भागाच्या, बाबतीत काटकसर करू नका. एन्कोडर (शाफ्टचा स्पीड मोजणारा सेन्सर) लावून क्लोज्ड लूप व्हेक्टर ड्राइव्ह घ्या, आणि ब्रेक सुटायचा क्रम ड्राइव्हच्या हातात द्या, आधी मोटरमध्ये टॉर्क तयार झालाय हे ड्राइव्ह तपासेल आणि मगच ब्रेक उघडेल. हा क्रम चुकला तर ब्रेक उघडताक्षणी लोड खाली घसरतो. होइस्टची मोटर नवीन, इन्व्हर्टर ड्युटीची, केज टाइप (रिंग्ज-ब्रश नसलेली) घ्या, जुनी स्लिपरिंग लाँग ट्रॅव्हलला चालेल. हळू स्पीडला बराच वेळ चालणार असेल तर वेगळा कूलिंग ब्लोअर लागेल कारण मोटरच्या शाफ्टवरचा पंखा हळू फिरला की हवा देत नाही. काम झाल्यावर सक्षम व्यक्तीकडून लोड टेस्ट आणि सर्टिफिकेट झाल्याशिवाय क्रेन प्रॉडक्शनला देऊ नका, मालक कितीही घाई करू देत.

प्रश्न: लोकल ब्रेक लावते तेव्हा वीज वायरमध्ये परत जाते हे खरं का? मग आमच्या लॅबमधल्या व्हीएफडीला ब्रेकसाठी रेझिस्टर का लावलाय?
डिप्लोमाचा विद्यार्थी, माटुंगा

उत्तर: खरं आहे, आणि प्रश्न फार छान विचारलास. मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. जुन्या डीसी गाड्यांत मोटर आधी सीरिजमध्ये, मग पॅरललमध्ये, आणि सोबत रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने काढत स्पीड वाढवायचे, म्हणजे वर त्या क्रेनमध्ये जे होतंय तोच प्रकार. आताच्या गाड्यांत थ्री फेज इंडक्शन मोटर आणि डब्याखाली कन्व्हर्टर असतो. स्टेशनं जवळजवळ, दर दोन-तीन किलोमीटरला ब्रेक, त्यामुळे परत येणारी वीज भरपूर, आणि ती बहुतेक वेळा जवळपास पिकअप घेणारी दुसरी लोकलच वापरून टाकते. डीसी लाइनवर अडचण ही असायची की सबस्टेशनमध्ये साधा रेक्टिफायर, वीज एकाच दिशेने जाणार, जवळ दुसरी गाडी नसेल तर परत दिलेली वीज जायला जागाच नाही. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीचं काम पूर्ण झालं. ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते, त्यामुळे ती अडचण गेली.

तुझ्या लॅबमधल्या ड्राइव्हचं पण तसंच. पुढे डायोड ब्रिज आहे, वीज आत येते पण बाहेर जात नाही, मोटरने परत दिलेली वीज कपॅसिटरचं व्होल्टेज वाढवत जाते, म्हणून ती रेझिस्टरमध्ये काढून टाकतात. डायोडच्या जागी आयजीबीटी (वीज दोन्ही दिशांना जाऊ देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावले की झाला रिजनरेटिव्ह ड्राइव्ह.

प्रश्न: आमची बावीस मजली सोसायटी. टाकी भरायच्या पंपाला व्हीएफडी लावा, बिल अर्धं होईल असं सांगून गेलेत.
सेक्रेटरी, बोरिवली

उत्तर: लावू नका. पाणी ७० मीटर वर चढवायचंय, ती उंची स्पीड कमी केल्याने कमी होत नाही. पंपाचं जास्तीत जास्त प्रेशर १०० मीटर असेल तर ८० टक्के स्पीडला ते ६४ मीटर होईल, म्हणजे पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही, पंप आतल्या आत पाणी घुसळत तापत राहील.

त्याऐवजी हे करा. १,००० लिटर पाणी ७० मीटर चढवायला ०.१९ युनिट लागतात, मोटर-पंपाची एकूण एफिशियन्सी ५० टक्के आणि पाइपातलं घर्षण धरून ०.४ च्या आसपास. पंपाचा सबमीटर आणि टाकीची लेव्हल बघून तुमचा आकडा काढा. ०.७-०.८ येत असेल तर इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून पाणी मागे येतंय, पैसे तिथे खर्च करा. टाकीशिवाय थेट प्रेशरने पाणी देणारी सिस्टिम असती तर व्हीएफडी योग्यच होती.

प्रश्न: मोल्डिंग मशीन आणि एक्स्ट्रूडर मिळून बरेच ड्राइव्ह लावले, युनिट कमी झाले, पण एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनलचे कपॅसिटर फुगतात, दोन तर फुटले. सप्लायर म्हणतो कपॅसिटरची क्वालिटी खराब. १,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४०० केव्हीएआर कपॅसिटर.
वाचक, साकीनाका

उत्तर: क्वालिटीला दोष द्यायच्या आधी हे बघा. तुमचा ट्रान्सफॉर्मर ५ टक्के इम्पीडन्सचा असेल तर शॉर्ट सर्किट लेव्हल २०,००० केव्हीए. त्याला ४०० ने भागून वर्गमूळ काढलं तर ७.०७. म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून बरोबर सातव्या हार्मोनिकला, म्हणजे ५० हर्ट्झच्या सातपट ३५० हर्ट्झला, रेझोनन्समध्ये येतात, आणि साधा सहा पल्सचा ड्राइव्ह पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हेच हार्मोनिक लाइनवर सोडतो. पॅनलमधले सगळे स्टेप्स (कपॅसिटरचे गट) आत आले की कपॅसिटरमधून नेहमीच्या कितीतरी पट करंट वाहतो. कितीही चांगल्या कंपनीचा आणलात तरी तो फुटेल.

उपाय दोन, दोन्ही करा. प्रत्येक मोठ्या ड्राइव्हच्या इनपुटला ३ ते ५ टक्क्यांचा लाइन चोक. आणि कपॅसिटरला सीरिजमध्ये ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर, त्याने रेझोनन्स १८९ हर्ट्झला खाली जातो, पाचव्याच्याही खाली, जिथे ड्राइव्ह काही सोडतच नाहीत. रिॲक्टर लावल्यावर कपॅसिटरवर व्होल्टेज वाढतं, तेव्हा ४४० व्होल्टचे जुने कपॅसिटर त्याच पॅनलमध्ये परत बसवू नका, ५२५ व्होल्टचे घ्या.

ड्राइव्हवर गेलेल्या कुठल्या मोटरच्या टर्मिनलला जुना कपॅसिटर अजून लावलेला राहिलाय का तेही आजच बघा, असेल तर लगेच काढा, ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीच चालत नाही, ड्राइव्ह जाईल. आणि ४०० केव्हीएआर आता लागतात का ते परत मोजा, ड्राइव्हवरच्या मोटरला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर आता लाइनमधून येत नाही, त्यामुळे बहुधा निम्मेही पुरतील. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरून मोजलेल्या युनिटवर) बिल असेल तर पॉवर फॅक्टर लीडिंग झाला, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले, तरी बिल वाढतं, म्हणून रविवारी मशीन बंद असताना पॅनलमध्ये एखादा स्टेप अडकून राहतोय का, ते मीटरवर बघून घ्या.